पार्श्वभूमी : तिसरे उपकरण औंढ्याला बसवायचे कसे ठरले

गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे प्रचंड वस्तुमानांच्या हालचालींमुळे अवकाशात उठणाऱ्या सूक्ष्म तरंगांच्या शोधात पुण्याचा हात लागला तो गणितातून, आणि तोही पहिली लहर सापडण्याच्या दोन तपे आधी. एकमेकांभोवती फिरणारे दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गोळे) जवळ येत जातात तशी त्यांच्या लहरींची वारंवारता शेवटी झपाट्याने चढते. अभ्यासक याला ‘चर्प’ म्हणतात. तो चढ किती तीव्र, हे मुख्यतः ताऱ्यांच्या वस्तुमानावर ठरते. म्हणून निरनिराळ्या वस्तुमानांचे नमुने आधीच काढून ठेवायचे आणि कच्च्या नोंदीवर एकेक सरकवून पाहायचा. नमुने विरळ ठेवले तर संकेत निसटतो, दाट ठेवले तर संगणकाला झेपत नाही. हा मेळ पुण्यातल्या एका खगोलभौतिकशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांसह १९९१च्या सुमारास घातला.

वाद झाला तो या लहरी टिपणाऱ्या यंत्रावरून. अमेरिकेच्या ‘लायगो’ प्रकल्पात लिव्हिंग्स्टनला एक आणि हॅनफर्डला एकाच जागी दोन, अशी तीन उपकरणे बसवायचे ठरले होते. हॅनफर्डच्या दोनपैकी एक परदेशी द्यावे का? शेजारी ठेवले तर नोंदींची आपसात पडताळणी होते आणि काम लगेच सुरू होते. दूर नेले तर अनेक वर्षे सुटे भाग पेटाऱ्यांत पडून राहतात. पण शेजारच्या दोन उपकरणांना लहर एकाच क्षणी जाणवते. ती आली कुठून, हे त्यातून कळत नाही. दिशा हवी तर अंतर हवे. आधी ऑस्ट्रेलियाला विचारणा झाली. तिथे पैशाची सोय झाली नाही, आणि २०११मध्ये तो बेत बारगळला. २०१२मध्ये अमेरिकेने उपकरण भारताला द्यायला मंजुरी दिली.

हा निर्णय बरोबर होता, हे १७ ऑगस्ट २०१७ला दिसले. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. अमेरिकेतल्या दोन केंद्रांच्या नोंदींवरून, लहर जिथून आली असावी असा आकाशातला सुमारे १९० चौरस अंशांचा पट्टा हाती आला. इटलीतल्या आणखी एका केंद्राची नोंद जोडताच तो ३१वर आला. इटलीत संकेत जवळजवळ उमटलाच नव्हता, आणि तेच मोलाचे ठरले: स्रोत त्या उपकरणाला नीट न दिसणाऱ्या दिशेला होता. काही तासांतच दुर्बिणींना ती दीर्घिका सापडली.

इकडे फाईल मात्र रेंगाळली. पहिल्या लहरीची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ला झाली आणि आठवड्याभरात केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता आली. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळची जागाही ठरली. सुमारे २,६०० कोटींच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२३मध्ये. ही सात वर्षे परवडणारी नव्हती. उपकरणाच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांचे, म्हणजे लेसर किरण ज्यांतून ये-जा करतात त्या लांब नळ्यांचे बांधकाम त्यानंतरचे.