इमारत किती खचली हे मोजायचं, पण कशापासून?

भिंतीला तडा दिसला की लगेच सगळे विचारतात, पाया किती बसला? हा प्रश्न बरोबरच आहे, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न कुणी विचारत नाही आणि या विषयाचा सगळा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरतो. मोजायचं कशापासून? कारण इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तीच खाली जात असेल तर शेजारच्या कट्ट्यावरून घेतलेलं रीडिंग "सगळं ठीक आहे" असंच सांगणार.

तसं बघितलं तर थोडीफार प्रत्येक इमारत बसतेच. खाली वाळू असेल तर बहुतेक बसणं बांधकाम चालू असतानाच उरकतं, पण चिकणमाती असेल तर तिच्यातलं पाणी वजनाखाली हळूहळू बाहेर पडत राहतं आणि हे काम वर्षानुवर्षं चालतं. कार्ल टेर्झागीने १९२५ च्या आपल्या पुस्तकात हे गणितात मांडलं आणि तिथून मृदा यांत्रिकी हा विषयच उभा राहिला. गंमत म्हणजे त्याच साली रॉबेर्तो गायोल या इंजिनियरने दाखवून दिलं की अख्खं मेक्सिको सिटी खचतंय. कारण नेमकं काय ते कळायला बराच वेळ गेला, १९४८ मध्ये नाबोर कारिल्योने विहिरींतून उपसल्या जाणाऱ्या पाण्याशी त्याचा संबंध जोडला. तळ्याच्या गाळावर वसलेलं शहर, खालचं पाणी काढलं की माती दबणारच. तिथला स्वातंत्र्याचा स्तंभ १९१० मध्ये उभारला, त्याचा पाया खोल खांबांवर, त्यामुळे तो फारसा हलला नाही आणि आजूबाजूचा रस्ताच खाली गेला, मग चढायला खालून चौदा पायऱ्या वाढवाव्या लागल्या! यातून सर्व्हेवाल्यांनी घ्यायचा धडा सरळ आहे, बेंचमार्क, म्हणजे ज्याच्यापासून उंची मोजायची ती स्थिर खूण, इमारतीच्या प्रभावक्षेत्राबाहेर, शक्यतो खडकावर किंवा खडकापर्यंत नेलेल्या पाइपमध्ये पाहिजे आणि एकच नको, निदान तीन तरी पाहिजेत, म्हणजे त्यातला एखादा हलला तर बाकीचे चुगली करतात.

आता मोजण्याचं म्हणाल तर मूळ पद्धत अजूनही लेव्हलिंगचीच, म्हणजे आडवी नजर धरणाऱ्या लेव्हल नावाच्या यंत्राने उंचीतला फरक काढण्याची. खांबाच्या बुडाशी गोल डोक्याची पिन बसवतात, तिच्यावर स्टाफ, म्हणजे आकडे कोरलेली उंच पट्टी, उभी करतात आणि लेव्हलच्या दुर्बिणीतून रीडिंग घेतात. डोकं गोल का, तर दरवेळी स्टाफ त्याच सर्वोच्च बिंदूवर टेकावा म्हणून. पूर्वी स्टाफ लाकडाचे असत, ते दमट हवेत फुगायचे, मग मिलिमीटरच्या अपूर्णांकाचं बोलायचं कसं? शार्ल एदुआर गियोमने १८९६ मध्ये इन्वार मिश्रधातू शोधला, जो तापमानाने साध्या पोलादाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच प्रसरण पावतो, आणि त्याच्या पट्टीने हे दुखणं बरंच संपवलं. याच कामासाठी त्याला १९२० चं नोबेल मिळालं, सर्व्हेवाल्यांनी हे अभिमानाने सांगायला हरकत नाही. नंतर पट्टीवरच्या दोन खुणांमधला अपूर्णांक वाचणारा काचेच्या प्लेटचा मायक्रोमीटर आला, १९५० मध्ये झाइस कंपनीची स्वतः समपातळी धरणारी ऑटो लेव्हल आली आणि १९९० मध्ये विल्ड कंपनीची बारकोड वाचणारी डिजिटल लेव्हल आली. पण बॅकसाइट (मागच्या, उंची माहीत असलेल्या बिंदूवरचं रीडिंग) आणि फोरसाइट (पुढच्या बिंदूवरचं) यांचं अंतर समान ठेवायचं आणि लूप बंद करून, म्हणजे सुरुवातीच्या बिंदूवर परत येऊन, चूक तपासायची, हे नियम तेव्हाही होते आणि आजही आहेत.

सगळ्यात प्रसिद्ध पेशंट अर्थातच पिसाचा मनोरा. १९११ पासून तिथे थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने, नियमित मोजणी सुरू झाली आणि या नोंदी नसत्या तर कुणाला काही कळलंच नसतं असं माझं ठाम मत आहे. १९३४ मध्ये पायात भोकं पाडून सिमेंट भरलं, मनोरा सावरायच्या ऐवजी आणखी झुकला. सत्तरच्या दशकात आसपास पाण्याचा उपसा वाढला तसा कल वाढायचा वेगही वाढला, विहिरी बंद केल्यावर कमी झाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कल वर्षाला सुमारे सहा सेकंदांनी (कोनाचा सेकंद, अंशाचा ३६०० वा भाग) वाढत होता, म्हणजे माथ्यावर जेमतेम दीड मिलिमीटर, डोळ्याला काय दिसणार? १९९० मध्ये मनोरा बंद केला, उत्तरेकडची माती थोडी थोडी काढत सुमारे अर्धा अंश सरळ केला आणि २००१ च्या डिसेंबरात परत उघडला. माती काढायचं प्रत्येक पाऊल मोजमाप बघूनच टाकत होते.

मात्र एकूण किती बसली यापेक्षा असमान किती बसली हे जास्त महत्त्वाचं. स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड या इंजिनियरांनी १९५६ मध्ये बऱ्याच इमारतींच्या नोंदी तपासून सांगितलं की दोन खांबांमधल्या अंतराच्या ३०० व्या हिश्शाइतका फरक पडला की भिंतींना तडे जायला लागतात, १५० व्या हिश्शाला सांगाड्यालाच धोका. म्हणजे तडे जायला सहा मीटरवर फक्त वीस मिलिमीटरचा फरक पुरे! म्हणून एका कोपऱ्यात पिन मारून भागत नाही, खांबाखांबाला लागते.

नव्वदच्या दशकापासून जमिनीचं खचणं रडार उपग्रहांनीही मोजायला लागले. सॅन फ्रान्सिस्कोचा ५८ मजली मिलेनियम टॉवर २००९ मध्ये पूर्ण झाला, त्याच्या पायाचे खांब खडकापर्यंत नेलेले नव्हते, २०१६ मध्ये तो सुमारे ४० सेंटीमीटर खचल्याचं बाहेर आलं आणि त्याच वर्षी सेंटिनेल-१ या रडार उपग्रहांच्या डेटातही, म्हणजे जवळजवळ ७०० किलोमीटरवरून, त्याचं खचणं दिसलं. पण उपग्रहाचा आकडासुद्धा चित्रातल्या कुठल्यातरी स्थिर मानलेल्या जागेच्या तुलनेतच असतो आणि ती जागा खरंच स्थिर आहे का हे तपासायला जमिनीवरचं लेव्हलिंग किंवा कायमचं जीपीएस स्टेशन अजून लागतंच.