अर्थिंगच्या लगला कल्हई हवी

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत सोलर बसवून दोन पावसाळे झाले, आणि परवा पॅनल धुवायला गच्चीवर गेलो तर अर्थिंगची उघडी तांब्याची वायर पॅनल ज्यावर बसवतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेलला जिथे थेट बोल्टने आवळली होती तिथे पांढरी भुकटी जमलेली. नखाने खरवडली तर खाली रेलला बारीक खड्डे, आणि बोल्ट चक्क हाताने फिरला. युनिट व्यवस्थित बनतायत म्हणून कुणाला पत्ताच नाही की तिथलं अर्थिंग नावापुरतं उरलंय.

होतं काय, तर दोन वेगळे धातू टेकले आणि त्यांच्यावर खारट ओल आली की सेल तयार होतो. व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी केली ती अशीच, धातूंच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. आपल्याकडे मिठाचं पाणी ठाण्याची खाडी फुकट पुरवते. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन सोडतं आणि विरघळत जातं, तांबं मात्र शाबूत. घरी बघायचं असेल तर स्टीलच्या पातेल्यात चिंचेची आमटी ठेवा आणि वरून फॉइल आमटीला टेकेल असं लावा, सकाळी फॉइलला भोकं दिसतील.

यावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता, कल्हई! म्हणजे वायर थेट न आवळता तिच्या टोकाला तांब्याचा लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेली छोटी पट्टी, लावायचा आणि तो कथलाचा मुलामा दिलेला घ्यायचा, कारण कथील या बाबतीत तांब्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या जवळचं. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. तेही वेगळा धातू आहेत पण बोल्ट छोटा आणि रेल मोठी, त्यामुळे गंजणं मोठ्या भागावर विभागलं जातं. उलटं केलं, म्हणजे मोठ्या तांब्याच्या पट्टीला छोटा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, तर तो तुकडा लवकर संपतो. रेलवरचा अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे गंज रोखायला मुद्दाम वाढवलेल्या ऑक्साइडचा, थर वीज जाऊ देत नाही, म्हणून तो भेदणारा दातेरी वॉशर लागतो.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, उघडी तांब्याची वायर रेलच्या वरून नेऊ नका. पावसाचं पाणी तांब्यावरून ओघळून अ‍ॅल्युमिनियमवर पडलं तर सोबत आलेले तांब्याचे कण तिथे बसतात आणि धातू टेकलेले नसतानाही खड्डे पडतात. वायर खालून न्या, नाहीतर कोटिंगवाली घ्या.

आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलवून, सिस्टीम बंद करून असे लग बसवून घेतले, प्रत्येक जॉइंट मल्टिमीटरने तपासला. लिफ्टरूमच्या मागचा एक राहिलाय, तिथे शिडी लावावी लागेल, तो रविवारी.