तारांगणाचा प्रारंभिक इतिहास

तारांगण : घुमटाच्या आतील पृष्ठभागावर ताऱ्यांच्या, ग्रहांच्या व चंद्रसूर्याच्या प्रकाशप्रतिमा पाडून आकाशाचे व त्याच्या गतींचे दर्शन घडवणारे यंत्र, तसेच ते जेथे बसवलेले असते ती वास्तू. मराठी शब्द ताऱ्यांवरून आला आहे, तर त्याचा पाश्चात्त्य प्रतिशब्द ग्रहांवरून. हा फरक योगायोगाचा असला, तरी या साधनाच्या इतिहासात ग्रहांच्या गती दाखवणारी यंत्रे आणि ताऱ्यांचे पोकळ गोल या दोन परंपरा खरोखरच दीर्घकाळ वेगळ्या राहिल्या.

दुसऱ्या परंपरेतील प्रसिद्ध नमुना म्हणजे उत्तर जर्मनीतील गोटॉर्फचा गोल. अ‍ॅडम ओलेआरिउस यांच्या देखरेखीखाली सतराव्या शतकाच्या मध्यास तयार झालेल्या, सुमारे ३ मी. व्यासाच्या या गोलावर बाहेरून पृथ्वीचा नकाशा होता, तर आत बाकावर बसलेल्या मोजक्या पाहुण्यांभोवती नक्षत्रे फिरत. पुढे तो रशियाचा सम्राट पीटर याच्याकडे गेला. शिकागो येथे १९१३ साली उभारलेल्या पत्र्याच्या अ‍ॅटवुड गोलातही हीच कल्पना होती. त्याचा व्यास १५ फूट होता व त्याला पाडलेल्या ६९२ छिद्रांतून येणारा उजेड ताऱ्यांसारखा दिसे.

ग्रहयंत्रांपैकी इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी घडवलेली दंतचक्रांची यंत्रे उमरावांच्या दिवाणखान्यांत शोभेसाठीही ठेवली जात. नेदरलँड्समधील फ्रानेकर या गावचे यंत्र मात्र लोकांच्या भीतीतून जन्मले. मे १७७४ मध्ये चंद्र व काही ग्रह आकाशात एकमेकांजवळ येणार होते आणि त्यामुळे पृथ्वी आपल्या कक्षेतून ढळेल, असे भाकीत एका पुस्तिकेतून पसरले होते. लोकर विंचरण्याचा व्यवसाय करणाऱ्या आयसे आयसिंगा यांनी, प्रत्यक्षात काय घडते ते लोकांना पाहता यावे म्हणून, स्वतःच्या घराच्या बैठकीच्या छतातच सूर्यमाला बसवायला घेतली. युती केव्हाच निर्विघ्न पार पडली, पण काम १७८१ पर्यंत चालले. यंत्राच्या लाकडी चक्रांना दाते म्हणून हाताने घडवलेले हजारो खिळे ठोकलेले आहेत, सारी गती लंबकाच्या घड्याळातून मिळते आणि प्रत्येक ग्रह आपल्या खऱ्या आवर्तनकाळानेच फिरत असल्यामुळे शनीची एक फेरी पुरी व्हायला २९ वर्षांहून अधिक काळ लागतो. अंतरांसाठी १ मिमी. म्हणजे १० लाख किमी. असे प्रमाण घेतले असून त्यानुसार पृथ्वी सूर्यापासून १५ सेंमी.वर येते. युरेनसचा शोध यंत्र पुरे झाले त्याच वर्षी लागल्याने तो छतावर नाही. हे यंत्र आजही चालू आहे.

या दोन परंपरा जर्मनीत एकत्र आल्या. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचे संस्थापक ओस्कर फोन मिलर यांना प्रेक्षक आत बसू शकतील असा मोठा फिरता गोल हवा होता आणि त्यासाठी त्यांनी येना येथील झाइस कंपनीकडे विचारणा केली. पहिल्या महायुद्धामुळे काम रखडले. १९१९ साली कंपनीचे अभियंते वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी प्रश्नच उलटा केला : गोल स्थिर ठेवायचा आणि मध्यभागी असलेल्या यंत्रातून तारे व ग्रह प्रकाशाने त्यावर पाडायचे. १९२३ मध्ये येना येथे कारखान्याच्या गच्चीवरील १६ मी. व्यासाच्या घुमटाखाली हे यंत्र सुरू झाले, तेव्हा ते पाहायला लोटलेल्या गर्दीने त्याला ‘येनाचा चमत्कार’ म्हटले. पहिल्या प्रतिकृतीत केवळ म्युनिकच्या अक्षांशावरून दिसणारे आकाश दाखवता येई. दोन टोकांना ताऱ्यांचे गोल असलेल्या दुसऱ्या प्रतिकृतीने ही मर्यादा दूर केली आणि त्यानंतर जर्मनीतील अनेक शहरांत तारांगणे उभी राहिली. रोम (१९२८), मॉस्को (१९२९) आणि शिकागो (१९३०) येथेही ती पोहोचली.

झाइसचे यंत्र फार महाग असे. अमेरिकेत आर्मांड स्पिट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस छिद्रांच्या गोलाचे जुने तत्त्व उलटे वापरून, दिवा आत व घुमट बाहेर असा स्वस्त प्रक्षेपक केला, त्यामुळे तारांगण शाळांच्या आवाक्यात आले. पुण्यात टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली सुरू झालेले तारांगण याच स्पिट्झ प्रक्षेपकावर उभे राहिले. त्याला पुष्कळदा ‘आशियातील पहिले’ म्हटले जाते. मात्र ओसाका येथे १९३७ पासूनच झाइसचे तारांगण होते. भारतात कोलकात्याचे मोठे बिर्ला तारांगण पुण्यानंतर १९६० च्या दशकात आणि मुंबईतील नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले.