पंप आणि एसीचे स्टार्ट व रन कॅपॅसिटर : फरक आला कुठून?

सांगली-मिरज भागात घरच्या बोअरची मोटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर नुसता गुं-गुं करून थांबला, की दुकानात पहिली मागणी होते ती ‘एक कंडेन्सर द्या’. कंडेन्सर म्हणजेच कॅपॅसिटर, वीज क्षणभर साठवून सोडणारा डबा. पण दुकानात तो डबा दोन प्रकारचा असतो, स्टार्टचा आणि रनचा. एकाच्या जागी दुसरा बसवला तर काही मिनिटांत नुकसान होते. याचे कारण दोघांच्या जुन्या इतिहासात आहे.

इंडक्शन मोटरला फिरते चुंबकीय क्षेत्र लागते. 1880च्या दशकात गॅलिलेओ फेरारिस आणि निकोला टेस्ला या दोघांनी ते स्वतंत्रपणे साधले. टेस्लाची पेटंटे 1888ची. तीन फेज असतील तर हे क्षेत्र आपोआप फिरते. एका फेजवर ते फक्त जागच्या जागी कमी-जास्त होते, म्हणून मोटर गुणगुणते पण उचलत नाही. उपाय म्हणून दुसरे, स्टार्टिंगचे वायंडिंग (तारेची गुंडाळी) दिले आणि त्यातला करंट थोडा पुढे-मागे सरकवला. सुरुवातीला हे काम बारीक तारेच्या रेझिस्टन्सवर भागवत, पण त्याचा जोर तोकडा. गॅसचा दाब अंगावर असलेल्या कॉम्प्रेसरला तो पुरत नाही. कॅपॅसिटर हे काम चोख करतो, कारण त्यातून करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो.

कॅपॅसिटर म्हणजे मुळात लायडनची बरणी, वीज साठवणारी काचेची बरणी, 1745-46ची. अडचण आकाराची होती. मोटरला दहा-वीसपासून शंभर-दीडशे मायक्रोफॅरड (कॅपॅसिटरच्या क्षमतेचे माप, µF) लागतात आणि मेण लावलेल्या कागदाचे तेवढे कॅपॅसिटर अवाढव्य व्हायचे, महागही पडायचे. 1920च्या दशकात रेडिओमुळे ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर स्वस्त झाले. लहान डब्यात भरपूर मायक्रोफॅरड मावू लागले आणि त्यातूनच स्टार्ट कॅपॅसिटर आला. पण इलेक्ट्रोलिटिक एसी करंटवर चटकन तापतो. म्हणून तो काही सेकंदच लाइनमध्ये ठेवायचा; तासाला तीन-तीन सेकंदांचे वीस स्टार्ट ही नेहमीची मर्यादा. मोटरने वेग घेतला की सेंट्रिफ्युगल स्विच (वेगाने आपोआप उघडणारा) किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच) त्याला लाइनमधून सोडवतो. रिलेचा पॉइंट चिकटला, तर तो काळा डबा फुटून आतला लगदा पॅनेलभर उडतो. अशा वेळी नुसता डबा बदलू नका, आधी रिले तपासा. नाहीतर नवाही तसाच जातो.

रन कॅपॅसिटरचे घराणे वेगळे, कागद आणि तेलाचे. मोटर चालू असेपर्यंत तो लाइनमध्येच राहतो. जुन्या डब्यांत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) नावाचे तेल असायचे. ते विषारी ठरले आणि अमेरिकेत 1979मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी आली. आज आत धातूचा मुलामा दिलेली पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते. तिचा गुण असा की एखाद्या ठिकाणी इन्सुलेशन फुटले तर भोवतीचा मुलामा उडून जातो आणि तो ठिपका सर्किटबाहेर पडतो. कॅपॅसिटर वाचतो, पण दर वेळी मायक्रोफॅरड कणभर घटतो. म्हणून रन कॅपॅसिटर बहुधा एकदम मरत नाही, झिजतो. 36चा 30वर येतो, मोटर चालते पण तापते, आणि गिऱ्हाईक दोष वायंडिंगला देते.

तपासायचे असेल तर आधी मेन स्विच पाडा. मग 15-20 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर टोकांना काही सेकंद लावून कॅपॅसिटर रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, त्याने आतले जोड सैल होतात. मग वायरी काढून मीटर µF वर लावा. डब्यावरच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी आला तर बदला. वरचे झाकण फुगले असेल तर मीटरचीही गरज नाही. आतला दाब वाढून सुरक्षा-तार तुटलेली असते.

चालू मोटरवरही मोजता येते. कॅपॅसिटरमधला करंट गुणिले 3183, भागिले त्याच्या टोकांवरचे व्होल्टेज. 350 व्होल्टला 3.4 अँपिअर आले तर सुमारे 31 मायक्रोफॅरड. अमेरिकेतल्या कॅराव्हॅनच्या छतावरच्या एसीचे व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : तिथे 2652 ने गुणतात, कारण तिकडे 60 हर्ट्झ. तोच आकडा इथे लावला तर चांगला कॅपॅसिटरही खराब ठरेल.

आपल्याकडे लाइन 230ची, तरी डब्यावर 440 व्होल्ट का? कारण फिरणाऱ्या मोटरच्या स्टार्टिंग वायंडिंगमुळे कॅपॅसिटरवर लाइनपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज येते. 250 व्होल्टचा स्वस्त डबा तिथे टिकत नाही. मायक्रोफॅरड मोटरच्या प्लेटवर लिहिला असेल तेवढाच घ्यावा. ‘थोडा जास्त, म्हणजे जोर येईल’ या हिशेबाने वायंडिंग जळते.

उन्हाळ्यात संध्याकाळी लाइन 180वर उतरली की जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे जेमतेम 61 टक्के उरतो. एसी तेव्हाच ओव्हरलोडवर बंद पडतो. कॅपॅसिटर बदलण्याआधी व्होल्टेज पाहा. विंडो आणि साध्या स्प्लिट एसीत बहुधा तीन टोकांचा एकच डबा असतो : सी (C) सामाईक, हर्म (HERM) कॉम्प्रेसरला, फॅन (FAN) पंख्याला. पंखा थांबला आणि कॉम्प्रेसर चालू आहे असे दिसले, तर फॅनचे टोक वेगळे मोजा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरला असा डबाच नसतो. त्याच्या कार्डावरचे कॅपॅसिटर डीसीचे, त्यांना हात लावायचे काम जाणकाराचे.

शेतातली गोष्ट निराळी. 1910मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जमिनीवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, पुढे तिथे पंप बनू लागले. 1962पासून कोयनेची वीज सुरू झाली. शेतीपंप बहुतेक तीन फेजचे, त्यांना सुरू व्हायला कॅपॅसिटर लागत नाही. महावितरण जो बसवायला सांगते तो पॉवर फॅक्टरसाठी, म्हणजे लाइनमधून ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा वाढवण्यासाठी : 5 एचपीला साधारण 2 केव्हीएआर (अशा कॅपॅसिटरचे माप), 7.5 एचपीला 3. तो स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडायचा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही सुटतो. एक फेज गेल्यावर कॅपॅसिटर लावून दोन फेजवर पंप ओढण्याचा प्रकार मात्र टाळावा. फिरताना पंप ठीक वाटतो, पण तिन्ही वायंडिंगवर करंट सारखा पडत नाही आणि थोड्याच दिवसांत मोटर रिवाइंडिंगला जाते.