से कॅथेड्रलचा दुसरा मनोरा पैशाअभावी बांधायचा राहिला नाही!

कोल्हापुरातून गोव्याला जाऊन आलेल्या मंडळींच्या फोटोंखाली एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय : जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलचा दुसरा मनोरा पैसे संपल्यामुळे बांधलाच नाही. हे साफ चुकीचं आहे.

मनोरे दोन होते. दक्षिणेकडचा 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा उभारला गेला नाही. तोवर जुनं गोवा साथीच्या रोगांनी ओस पडत चाललं होतं. बांधकाम 1562 मध्ये सुरू झालं आणि 1640 मध्ये चर्च अर्पण झालं. इतकी वर्षं खपून उभारलेल्या वास्तूला ‘अर्धवट’ म्हणणं मला खरंच खटकतं. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणून ओळखली जाणारी प्रचंड घंटा आहे. आत मुख्य वेदीमागच्या सोनेरी फलकांवर संत कॅथरीनच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरलेत, तिथे घाई करू नका. पोर्तुगीजांनी 25 नोव्हेंबर 1510 रोजी, तिच्याच सणादिवशी, गोवा जिंकलं. म्हणून हे चर्च तिच्या नावाचं.

आणखी एक, संत फ्रान्सिस झेवियरचं शव इथे नाही. ते रस्त्यापलीकडच्या, उघड्या जांभ्या दगडाच्या बॉम जीझस बॅसिलिकात आहे.