डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमधील विषाणुसंसर्गोत्तर दाह

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या शरीरात विषाणूविरुद्ध सुरू झालेला दाह (इन्फ्लमेशन) काही वेळा प्रमाणाबाहेर वाढतो किंवा संसर्ग ओसरल्यावर पुन्हा उसळतो. त्यातून हृदय, फुप्फुसे, रक्तवाहिन्या, यकृत किंवा मज्जासंस्थेला इजा होते. डाउन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांचा सर्दी-ताप नेहमीसारखाच बरा होतो. पण आजार गंभीर होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा त्यांना जास्त असतो.

याचे मूळ २१व्या गुणसूत्राच्या जादा प्रतीत आहे. ही जादा प्रत १९५९ मध्ये उजेडात आली. विषाणूची चाहूल लागताच पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडतात. इंटरफेरॉनचा संदेश पकडणाऱ्या ग्राहकांची (पेशीवरील रिसेप्टरची) सहा जनुके आहेत आणि त्यांपैकी चार याच गुणसूत्रावर आहेत. त्यामुळे या मुलांच्या पेशी तोच संदेश अधिक जोराने ऐकतात, आणि धडधाकट असतानाही त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा सापडतात. दुसरीकडे, पहिल्या तीव्र प्रतिसादानंतर पेशी स्वतःच ब्रेक लावतात आणि त्या काळात विषाणूला मोकळे रान मिळते. त्यात लसिकापेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी, आणि त्यांतल्या काही जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथीही लहान. ‘प्रतिकारशक्ती कमी’ असे सरसकट म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे.

आरएसव्ही (लहान मुलांच्या श्वासमार्गाला होणारा एक विषाणुसंसर्ग) आणि इन्फ्लुएन्झा यांत दाहाचा भार मुख्यतः फुप्फुसांवर पडतो. कोविड-१९ नंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी होणारा बहुअवयवी दाह २०२० मध्ये प्रथम ओळखला गेला. त्यात सतत ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, उलट्या ही लक्षणे दिसतात. पुढे रक्तदाब घसरतो आणि हृदयाचे स्नायू अशक्त होतात. कावासाकी या लहान मुलांतील रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजाराशी त्याचे साम्य आहे, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांना फुगवटा येण्याची भीती दोन्हींत असते. ईबी (एपस्टाइन-बार) विषाणूच्या संसर्गानंतर क्वचित रक्तपेशीच गिळल्या जाण्याचा विकार होतो. त्यात प्लीहा वाढते, प्लेटलेट घटतात आणि फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन रक्तात फार चढते.

निदानाची खरी अडचण इथे येते. लसिकापेशी घटणे ही बहुअवयवी दाहाची एक खूण मानली जाते, पण या मुलांत त्या मुळातच कमी असतात. जन्मजात हृदयदोष जवळपास निम्म्या मुलांत असतो, म्हणून हृदयावरचा ताण दाखवणारे रक्तातील बीएनपी आधीच वाढलेले असू शकते. थंडीत त्वचेवर जाळीदार निळसर नक्षी उमटणे त्यांच्यात नेहमीचे. तीच नक्षी शॉकमध्येही, म्हणजे रक्ताभिसरण कोसळल्यावरही, दिसते. पोट दुखते हे मूल शब्दांत सांगेलच असे नाही. ते घास तोंडातून बाहेर काढते, पाय पोटाशी घेऊन पडून राहते. म्हणून एकट्या आकड्यावर भिस्त न ठेवता जुना रक्ततपास आणि जुना इको (हृदयाची सोनोग्राफी) शेजारी ठेवून पाहावे लागते. ‘हा असा कधी नसतो’ हे आईचे वाक्यही तपासाचा भाग धरावे.

बहुअवयवी दाहावरचे उपचार इतर मुलांसारखेच असतात: शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे), बहुधा वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, आणि स्टेरॉइड. हृदय अशक्त असेल तर इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा विभागून देतात, कारण तेवढा द्रवही त्याला झेपत नाही. या मुलांत मधुमेहाचा धोका जास्त असल्याने स्टेरॉइड चालू असताना साखर तपासतात. कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागला, तर नळी वयाच्या मानाने बारीक निवडावी लागते, कारण श्वासमार्ग अरुंद असतो. मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून नळी घालताना मान मागे वाकवण्यात फार जपावे लागते.

घरी गेल्यावर इको पुन्हा करतात. मोठ्या मात्रेतील इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी साधारण ११ महिने लांबवतात, अन्यथा बाहेरून मिळालेली प्रतिपिंडे लस निकामी करतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन सुरू असलेल्या मुलाला इन्फ्लुएन्झा किंवा कांजिण्या झाल्या, तर राय सिंड्रोमच्या (यकृत आणि मेंदूला इजा करणाऱ्या दुर्मिळ विकाराच्या) भीतीने डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे असते. इन्फ्लुएन्झाची टोचून दिली जाणारी लस मात्र निष्क्रिय प्रकारची (जिवंत विषाणू नसलेली) असल्याने तिला थांबण्याचे कारण नसते.