रानडुकराच्या रश्श्यात सीझियम कुठून येते?

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात शिकाऱ्याने रानडुक्कर मारले, की मांस लगेच चुलीवर चढत नाही. आधी दोन तपासण्या होतात. पहिली ट्रिकिनेला या जंताची. डुकराच्या स्नायूंत हा जंत डोळ्यांना न दिसता गुंडाळी करून बसलेला असतो. कच्च्या मांसातून तो माणसाच्या पोटात जातो आणि तिथून माणसाच्याही स्नायूंत शिरतो. ही तपासणी देशभर सक्तीची आहे. तरी या जंतावर जुना, साधा उपाय आहे, तो म्हणजे आच. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापले की जंत मरतो.

दुसऱ्या तपासणीत मात्र आच काही कामाची नाही. बिनचरबीच्या मांसाचा खिमा मोजणीयंत्रात ठेवून त्यातले सीझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य मोजतात. किलोमागे ६०० बेकरेलच्या वर आकडा गेला, तर ते मांस विकता येत नाही. (सेकंदाला एक अणू फुटला तर तो एक बेकरेल.) दिवसभर रटरटत ठेवा, तंदुरीत भाजा, अणू फुटायचा तेव्हा फुटणारच. मिठाच्या पाण्यात मांस मुरवून ते पाणी फेकून दिले तर थोडे सीझियम उतरते, एवढेच.

हे सीझियम तिथे आले कसे? याचे उत्तर सगळ्यांना पाठ होते: चेर्नोबिल. २६ एप्रिल १९८६ ला सोव्हिएत संघातल्या या ठिकाणी अणुभट्टीचा स्फोट झाला. काही दिवसांत त्यातून उठलेला किरणोत्सारी ढग दक्षिण जर्मनीवर आला आणि नेमका तेव्हाच तिथे वळिवासारखा जोरदार पाऊस कोसळला. हवेतले सीझियम पावसाबरोबर जमिनीत उतरले. काही भागांत चौरस मीटरमागे एक लाख बेकरेलपर्यंत.

सीझियम-१३७ दर तीस वर्षांनी निम्मे होते. म्हणजे २०१६ पर्यंत चेर्नोबिलचे निम्मे सीझियम आपोआप संपायला हवे होते. शिवाय ते मातीत खोल जाते, चिकणमातीच्या कणांत अडकून पडते, त्यामुळे झाडाझुडपांना त्याहूनही कमी मिळायला हवे. हरणांच्या बाबतीत तसेच घडले. त्यांच्या मांसातले प्रमाण वर्षागणिक उतरत गेले. रानडुकरांचे आकडे मात्र जवळजवळ जागचे हलेनात. शास्त्रज्ञांनी याला ‘रानडुकराचे कोडे’ असेच नाव दिले.

कोड्याचा एक धागा डुकराच्या नाकाशी आहे. बव्हेरियातले डुक्कर आणि आपल्या सह्याद्रीतले रानडुक्कर एकाच जातीचे, सस स्क्रोफा. रात्रीत भुईमुगाचे शेत उकरून टाकणारे ते नाक कोकणात आणि विदर्भात कुणाला नव्याने सांगायला नको. तिकडच्या जंगलात हेच नाक जमिनीखालची एक बुरशी शोधून काढते. अक्रोडाएवढा, खरबरीत, तपकिरी गोळा. माणसे ती खात नाहीत, पण डुकरांना भारी आवडते. जर्मन लोक तिला ‘हरणाची ट्रफल’ म्हणतात. उन्हाळ्यात शेतात मका असतो आणि शरदात ओकची फळे पडतात, तेव्हा डुकरे तिच्याकडे फारशी वळत नाहीत. हिवाळ्यात जमिनीवर काही उरले नाही, की ती उकरायला लागतात. म्हणून हिवाळ्यात मारलेल्या डुकराच्या मांसात सीझियम जास्त सापडते.

ही बुरशी सीझियम शोषून साठवते. सीझियमचे रासायनिक वागणे पोटॅशियमसारखे आहे. पोटॅशियम सगळ्याच सजीवांना हवे असते, त्यामुळे पेशी सीझियमलाही आत घेतात. डुकराच्या शरीरातही ते याच वाटेने स्नायूंत जाते. आता जंगलाची माती पाहा. नांगरलेल्या शेतात चिकणमाती सीझियम घट्ट धरते. जंगलात वरचा थर कुजलेल्या पानांचा असतो आणि त्यात सीझियम सैलच राहते. तिथून ते वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर खाली सरकते. मला या सगळ्यातली सर्वात विलक्षण गोष्ट ही संथ चाल वाटते. वरून पडलेले सीझियम बुरशीच्या खोलीपर्यंत पोहोचायलाच दशके लागतात. हरीण वरचे गवत-पाला खाते, त्याला जमिनीच्या पृष्ठभागाची आजची स्थिती मिळते. डुक्कर खालचे खाते, त्याला कधीकाळी पडलेला पाऊस मिळतो.

पण कधीचा पाऊस? व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातले गेऑर्ग स्टाइनहाउझर आणि हानोफरमधले त्यांचे सहकारी यांनी हाच प्रश्न धरला. २०२३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बव्हेरियात शिकार झालेल्या डुकरांच्या मांसाचे ४८ नमुने त्यांनी तपासले. आकडे किलोला ३७० पासून १५,००० बेकरेलपर्यंत होते, म्हणजे काही मांस मर्यादेच्या पंचवीस पट.

नुसते सीझियम-१३७ मोजून ते कुठले हे कळत नाही, सगळे अणू सारखेच. म्हणून त्यांनी त्याचा भाऊ सीझियम-१३५ हाही मोजला. सीझियम-१३५ थेट फारसे बनत नाही. आधी झेनॉन-१३५ हा वायू बनतो आणि काही तासांत त्याचे सीझियम होते. अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा सतत चालू असतो आणि झेनॉन-१३५ न्यूट्रॉन गिळण्यात पटाईत. एक गिळला की तो झेनॉन-१३६ होतो, मग त्याचे सीझियम-१३५ होत नाही. अणुबॉम्बमध्ये सगळा खेळ सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात आटोपतो. न्यूट्रॉन संपून जातात, झेनॉन सुखरूप वाचतो आणि सावकाश सीझियम-१३५ बनतो. म्हणून बॉम्बच्या सीझियममध्ये १३५ चा वाटा भट्टीच्या सीझियमपेक्षा कितीतरी मोठा असतो. एवढ्या एका गुणोत्तरावरून मांसातला अणू बॉम्बचा की भट्टीचा, याचा हिशेब मांडता येतो.

हिशेब निघाला तो असा: प्रत्येक नमुन्यात दोन्हींची भेसळ. मर्यादा ओलांडणाऱ्या मांसात १० ते ६८ टक्के सीझियम अण्वस्त्र चाचण्यांचे होते. काही नमुने तर चेर्नोबिल झालेच नसते तरी विक्रीसाठी नापास ठरले असते. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि इतरांनी हवेत केलेल्या चाचण्यांची धूळ जगभर पसरली. हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर बहुतेक चाचण्या जमिनीखाली गेल्या. तोपर्यंत उडालेली धूळ मात्र बव्हेरियाच्या पानांवर पडून मातीत शिरली होती. चेर्नोबिलच्या आधी निघालेली ही धूळ आता बुरशीच्या थरात आहे.

खाणाऱ्याला धोका किती, हेही पाहू. सर्वात वाईट नमुन्याचे, १५,००० बेकरेलचे पाव किलो मांस एकदा खाल्ले तर मोठ्या माणसाला किरणोत्साराची साधारण ०.०५ मिलिसिव्हर्ट (ही मात्रा मोजायचे एकक) मात्रा मिळेल. खडक, हवा, अवकाश यांतून आपल्याला आठवड्याभरात नैसर्गिकपणे जवळपास एवढीच मिळते. एका जेवणाने घाबरायचे कारण नाही. तेच मांस वर्षभर दर आठवड्याला खाल्ले तर मात्र नैसर्गिक मात्रेत तेवढीच भर पडून ती दुप्पट होते. शिकाऱ्याच्या घरात हे अशक्य नाही. मोजून खाणे म्हणूनच शहाणपणाचे.

नापास मांसाची शिकाऱ्याला सरकारकडून भरपाई मिळते, तरी विकता न येणाऱ्या जनावरामागे रात्री जागवायला कोण तयार होईल? शिकार कमी झाली की डुकरे वाढतात आणि शेताचे नुकसानही. जर्मनीत काही वर्षी आठ लाखांहून जास्त रानडुकरे मारावी लागली आहेत.

आणि १९८६ च्या पावसाचे सीझियम अजूनही त्या मातीत, मिलिमीटर-मिलिमीटरने, बुरशीकडे उतरते आहे.